हे वाक्य कुणाचं?

‘फ्रेंच शिकायला क्लास आहेत की, मग त्यासाठी कॉलेजची तीन वर्षं कशाला?’ प्रवेशाच्या दिवसांत पालक हमखास विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. पुण्यात अलियाँस फ्राँसेज आहे. तिथे ए-१ पासून सुरुवात करून बी-२ पर्यंत जाता येतं, डेल्फ ही फ्रेंच येत असल्याचं प्रमाणपत्र देणारी परीक्षा देता येते. नुसतं बोलता यायला हवं असेल तर क्लासच लावा, असं मी स्वतःच सांगते. बी. ए., एम. ए.ला आम्ही वाचायला शिकवतो.

फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ घ्या. 1857च्या जानेवारीत पॅरिसच्या कोर्टात या कादंबरीवर खटला उभा राहिला. लेखक व्यभिचाराचं गुणगान करतो, असं सरकारी वकील एर्नेस्ट पिनारचं म्हणणं. पुराव्यादाखल त्यानं एक उतारा दाखवला, तोच मी वर्गात वाचायला देते. परपुरुषाच्या प्रेमात पडलेली नायिका एमा आरशात स्वतःकडे बघते आहे. आता आपल्या वाट्याला ते सुख येणार, अशा अर्थाचं एक वाक्य येतं. मी एवढंच विचारते : हे कोण बोलतंय?

निवेदक, असं उत्तर पटकन येतं. कारण सर्वनाम ‘ती’ आहे, अवतरणचिन्हं नाहीत, ‘तिला वाटलं’ असंही कुठे नाही. मग कुणीतरी क्रियापदाकडे बोट दाखवतं. इथे अपूर्ण भूतकाळ आहे. गोष्ट पुढे नेणारा, फक्त पुस्तकात भेटणारा साधा भूतकाळ नाही. हळूहळू उलगडतं, की व्याकरण निवेदकाचं आहे आणि हाव एमाची. पिनारनं ती फ्लोबेरच्या नावावर लावली होती! 7 फेब्रुवारीला फ्लोबेर सुटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पिनारनंच चालवलेल्या खटल्यात बोदलेरला मात्र दंड झाला, त्याच्या सहा कवितांवर बंदी आली. ती उठायला 1949 उजाडलं.

फ्रान्समध्ये हे वाचन शाळेतच सुरू होतं. ‘बाक’ या शालान्त परीक्षेत फ्रेंचच्या लेखी पेपरला चार तास असतात, आणि त्यात एका उताऱ्याचं भाष्य किंवा एक निबंध लिहायचा असतो. गाइडवर वाढलेल्या आमच्या मुलांना हे सुरुवातीला फार जड जातं. लेखकाचं चरित्र तोंडपाठ असतं, उतारा समोर आला की पेन अडतं.

नोकऱ्यांचं म्हणाल, तर त्या मिळतात. अनुवाद, शाळेत शिकवणं, फ्रेंच ग्राहकांशी व्यवहार करणाऱ्या कंपन्या. त्याची काळजी मला फारशी वाटत नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की ही भाषा पॅरिसपुरती नाही. सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेंघोर फ्रेंचमधले मोठे कवी होते. मॉरिशसमध्ये तर आपलीच माणसं आहेत : एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्यांचे वंशज. त्यांच्या घरात क्रिओल चालते, वर्तमानपत्र फ्रेंच येतं, आणि मुलं शाळेत मराठी शिकतात. एम. ए.च्या एका विद्यार्थिनीनं प्रबंधासाठी तिथल्याच आनंदा देवी यांची 2006 सालची ‘एव्ह द से देकोम्ब्र’ निवडली आहे. पोर्ट लुईच्या गरीब वस्तीतले चार तरुण त्यात आळीपाळीनं बोलतात. ते चारही आवाज तिला वेगळे काढून दाखवायचे आहेत, वाक्यरचनेच्या पुराव्यानिशी.