नळाला पाणी आणणारा कारभारी

नळाला पाणी आले नाही की आपण म्हणतो, धरण आटले, पाईप जुने झाले, खात्याकडे पैसा नाही. ही कारणे खोटी नाहीत. पण पाणीखात्याच्या खुर्चीवर कोण बसला आहे आणि तो कसा वागतो, यावरही आपला हंडा भरणे अवलंबून असते. याचे एक बोलके उदाहरण आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते आहे कंबोडिया देशाची राजधानी नॉम पेन्ह हिचे.

१९७५ ते १९७९ या काळात पोल पॉटच्या राजवटीने हे शहर रिकामे केले. देशात लाखो माणसे मेली. पुढे लोक परतले, पण पाणीव्यवस्था मोडकळीस आली होती. १९९३ साली तेथे शुद्ध केलेल्या दर शंभर लिटर पाण्यापैकी सुमारे ७२ लिटर गळतीत आणि चोरीत जात होते. नळाचे पाणी जेमतेम पाव शहराला मिळे, तेही दिवसातून दहाएक तास. खात्यातलीच माणसे चोरून जोडण्या विकीत. बडे लोक पाणीपट्टी भरत नसत, आणि गरीब मात्र विक्रेत्याकडून जादा दराने पाणी विकत घेई.

त्या वर्षी श्री. एक सोन चान या खात्याचे प्रमुख झाले. (‘एक’ हे त्यांच्या घराण्याचे नाव.) पोल पॉटच्या काळात आप्तस्वकीय गमावलेला हा इंजिनियर. त्यांनी झाडू प्रथम आपल्याच कचेरीत मारला. चोरट्या जोडणीत जो कर्मचारी सापडेल त्याला घरी पाठवले. जो काम करील त्याचा पगार वाढवला, बक्षीस दिले, तरुणांना जबाबदारीच्या जागा दिल्या. नुसता धाक नाही आणि नुसते गोड बोलणेही नाही.

मग पाळी आली बड्यांची. एका लष्करी सेनानीच्या घरी मीटर बसवायला गेले, तर त्याने चान यांच्यावर पिस्तूल रोखले. चान परतले, शस्त्रधारी शिपाई घेऊन पुन्हा गेले आणि त्याचे पाणी तोडले. साहेब स्वतः उभा राहतो हे पाहिल्यावर हाताखालच्या माणसालाही मीटर बसवण्याचे बळ येते.

गरिबांना वेगळा न्याय लावला. नळजोडणीचा खर्च झेपत नसेल त्या घरांना ऐपतीप्रमाणे सवलत दिली, काहींना जोडणी पूर्ण फुकट दिली. २००९ च्या सुमारास शहरातील ९० टक्क्यांहून अधिक लोकांना चोवीस तास पाणी मिळू लागले आणि वाया जाणारे पाणी सहा टक्क्यांच्या आसपास आले. २००६ साली चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एकट्या माणसाने हे केले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. जपान, फ्रान्स, जागतिक बँक यांचा पैसा आला. १९९६ साली खात्याला स्वतःचा कारभार करण्याची मोकळीक मिळाली. वरच्या सत्तेने पाठ राखली. प्रामाणिक अधिकाऱ्याची दर सहा महिन्यांनी बदली होत राहिली, तर तो काय करणार? पण पैसा आणि अधिकार मिळूनही बुडालेली खाती थोडी नाहीत. फरक पडतो तो नियम कोणापासून सुरू होतो यात.

म्हणून पाण्याचे आश्वासन घेऊन कोणी दारात आले, तर बंधूंनो आणि भगिनींनो, केवळ “नळ कधी देता?” एवढे विचारून थांबू नका. गळती किती, बड्यांची थकबाकी किती, चोरट्या जोडण्या विकणाऱ्यांवर काय कारवाई केली, हेही विचारा. जो कारभारी याचे उत्तर आकड्यांत देईल, त्याच्या हातून आपल्या वस्तीला पाणी मिळण्याची आशा आहे.