काळी माती राखेची नव्हे, लाव्हाची

चिंचवडला पवनेकाठची काळी माती ज्वालामुखीशी नाते सांगते. पण ती राखेची नव्हे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून थिजलेला बेसाल्ट झिजून ती बनली. तिच्यातील चिकणमाती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे उथळ पायाच्या भिंतींना तडे जातात.

आइसलँडच्या थंड, सागरी कुरणांतील माती मात्र प्रामुख्याने ज्वालामुखीच्या राखेची. ती हलकी असते, पाणी भरपूर धरते. पण चिकटपणा कमी असल्याने गवत हटताच वाऱ्याने उडते. वृक्षतोड व मेंढ्यांच्या चराईने तेथील विस्तीर्ण भूभाग उजाड झाला. म्हणूनच १९०७ पासून तेथे सरकारी मृदसंधारण सुरू आहे.

पुणे जिल्ह्यात राखेचा थर पाहायचा, तर जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरीला जावे. ती राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची आहे.