वखार आणि व्यापारी

'वखार' हा शब्द विद्यार्थ्यांना इतिहासाच्या पुस्तकात वारंवार भेटतो. सतराव्या शतकात इंग्रजांनी सुरतेस व पुढे राजापुरास वखारी घातल्या. आपला माल आपल्याच माणसांच्या ताब्यात साठवावा आणि संधी साधून विकावा, अशी ती व्यवस्था होती. आजच्या वखारी आकाराने त्यांहून कितीतरी मोठ्या आहेत. परंतु त्यांतील पुष्कळांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. माल एकाचा, इमारत दुसऱ्याची, राबणारे हात तिसऱ्याचे, आणि ग्राहक तर ह्यांपैकी कोणालाच कधी न दिसणारा! इंटरनेटवरील बाजारपेठेत विक्री करणाऱ्या अनेक लहान व्यापाऱ्यांनी माल सांभाळण्याचे व तो घरपोच पाठविण्याचे काम असे परक्या हाती सोपविले आहे.

कोल्हापुरी चपला विकणाऱ्या एखाद्या दुकानदाराचे उदाहरण घेऊ. २०१९ साली ह्या चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले आणि महाराष्ट्र व कर्नाटक ह्या दोन्ही राज्यांतील आठ जिल्ह्यांना त्यात स्थान लाभले. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पायात चप्पल घालून पाहता येते. इंटरनेटवरून मात्र दिल्लीचा वा गुवाहाटीचा ग्राहक केवळ चित्र पाहून मागणी नोंदवितो. दिवसाला पाच मागण्या आल्या तर दुकानदार व त्याचा मुलगा दुपारच्या निवांत वेळी पुडकी बांधू शकतात. दिवाळीच्या तोंडावर त्याच मागण्या शंभरावर गेल्या, की जोडी शोधणे, बांधणे, पत्ता चिकटविणे ह्यांतच दिवस संपतो. कारागिरांकडे जाऊन नवा माल पारखून घेण्यास सवडच उरत नाही. अशा वेळी त्याला भिवंडीची आठवण होते.

भिवंडी हे मूळचे यंत्रमागांचे गाव. मुंबई-नाशिक महामार्गावरील हे स्थान मुंबई व ठाणे ह्यांना जवळचे, आणि तेथील जागा मुंबईच्या मानाने स्वस्त. शिवाय मुंबई महापालिकेची जकात तेथे लागत नसे. ती जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर बंद झाली. पण तोवर भिवंडीच्या आसपास गोदामांची जणू नगरीच उभी राहिली होती. ॲमेझॉन कंपनीने जून २०१३ मध्ये भारतात आपली बाजारपेठ उघडली, तेव्हा तिची पहिली वखारही भिवंडीसच होती. विक्रेत्याचा माल ठेवून घेऊन तो परस्पर ग्राहकास पाठविण्याची सेवा ह्या कंपनीने अमेरिकेत २००६ सालीच सुरू केली होती.

ह्या वखारीतील मांडणी पाहून जुन्या वळणाचा कोठीवाला चक्रावून जाईल. चपलांजवळ चपला आणि पुस्तकांजवळ पुस्तके अशी ती बहुधा नसते. जो कप्पा रिकामा, त्यात हाती येईल ती वस्तू ठेवावयाची. चपलेशेजारी दिव्याचा डबा, त्याशेजारी लोकरी टोपी. प्रत्येक वस्तूवर काळ्या उभ्या रेघांची चिठ्ठी, म्हणजे बारकोड, असते आणि प्रत्येक कप्प्यावरही. ठेवताना दोन्ही चिठ्ठ्या यंत्राने वाचल्या, की कोणती वस्तू कोठे आहे ते संगणकाच्या स्मरणात राहते. ह्या वरवर दिसणाऱ्या गोंधळात मोठी व्यवस्था आहे. जागा वाया जात नाही, आणि सातव्या व आठव्या मापाच्या सारख्याच दिसणाऱ्या चपला शेजारी-शेजारी नसल्यामुळे कामगाराचा हात चुकीच्या जोडीवर पडण्याचा संभव कमी होतो. मात्र चिठ्ठीच चुकीची चिकटली असेल, तर संगणक ती चूक निमूटपणे शेवटपर्यंत नेतो. एका नमुन्याची सहा मापे व दोन रंग असले, तर वखारीच्या हिशेबी ते बारा निराळे वाण होत. ही चिठ्ठी लावण्याची जबाबदारी सामान्यतः विक्रेत्यावरच असते.

ह्या सेवेचे मोल अनेक वाटांनी द्यावे लागते. माल जितकी जागा अडवील तितके जागाभाडे. एक नग काढून बांधण्याची मजुरी निराळी. वाहतुकीचा आकार निराळा. बाजारपेठेची दलाली ह्याशिवाय असतेच. ह्यांतील वाहतुकीचे गणित नवख्यास फसवते. अनेक कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन व आकारमानावरून काढलेले वजन ह्यांपैकी जे अधिक असेल ते धरतात. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकारास बहुधा ५,००० ने भागतात. समजा, चपलांचे खोके ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि १२ उंच आहे. गुणाकार ७,२०० आला, भागाकार १.४४ किलो. चपलेचा जोड आठशे ग्रॅमचाच असला तरी पैसे १.४४ किलोचे! खोक्याची उंची १२ ऐवजी ८ केली, तर हाच आकडा ०.९६ वर येतो. व्यापाऱ्याचा नफा पुष्कळदा अशा चार सेंटिमीटरांच्या पोकळीत हरवलेला असतो.

त्याहून अवघड बाब परत येणाऱ्या मालाची. पादत्राणे पायात घातल्याखेरीज कळत नाहीत. म्हणून मापात न बसलेल्या जोड्या परत येतात. दुकानात परतलेली चप्पल मालक स्वतः निरखून पाहतो. परक्या वखारीत ती निवड कामगार क्षणार्धात करतो. तो ज्या घाईत राबतो ती पाहता त्याला दोष देणे न्याय्य नव्हे. पण वापरलेली जोडी नवी म्हणून दुसऱ्याकडे गेली, तर तक्रार वखारीच्या नावाने नोंदली जात नाही. ती कोल्हापूरच्या दुकानाच्या नावापुढेच उमटते.

मालकीही विक्रेत्याकडेच राहते. परकीय भांडवलाच्या बाजारपेठ-कंपन्यांनी विक्रीच्या मालाची मालकी स्वतःकडे घेऊ नये, हा सरकारी दंडक १ फेब्रुवारी २०१९ पासून अधिक कडक करण्यात आला. करविषयक बंधनेही विक्रेत्याचीच. भिवंडीची वखार महाराष्ट्रातच असल्याने ती व्यवसायाची आणखी एक जागा म्हणून नोंदविणे पुरते; परंतु दिल्लीकडील ग्राहकांना लवकर पोचावे म्हणून हरियाणात माल ठेवला, तर त्या राज्यात करासाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागते. म्हणून जागरूक व्यापारी दरमहा पाठविलेले नग, विकलेले नग, परतलेले नग आणि वखारीत शिल्लक दाखविलेले नग ह्यांचा मेळ घालून पाहतो. मेळ बसला नाही, तर ठरलेल्या मुदतीत मागणे करावे लागते. मुदत टळली की हरवलेल्या जोड्यांची भरपाई बुडते.

ह्या साऱ्या कारणांनी कित्येक विक्रेते मधला मार्ग पत्करतात. ज्या मापांना सतत उठाव आहे, तेवढीच ते वखारीत ठेवतात. क्वचित खपणारी फार लहान वा फार मोठी मापे दुकानातूनच पाठवितात. चामड्यास दमट हवा सोसत नाही, लवकर बुरशी धरते. तेव्हा वळवाचे ढग दिसू लागले, की भिवंडीतील शिल्लक जोड्या मोजून घाटावर परत मागवावयाच्या, आणि गणपतीनंतर पाऊस ओसरू लागला म्हणजे दिवाळीचा नवा माल पुन्हा खाली धाडावयाचा.