वृद्धाश्रमाचा दर्जा कोठे पाहावा?

'वृद्धाश्रम : शाप की वरदान?' हा आपल्याकडील वक्तृत्वस्पर्धांचा सदाबहार विषय आहे. दरवर्षी कोणीतरी श्रावणबाळाला कावडीसह व्यासपीठावर आणतो, दुसरा कोणी नोकरीसाठी परगावी गेलेल्या मुलाची बाजू मांडतो, आणि टाळ्या घेऊन दोघेही खाली उतरतात. मला या वादात आता फारसा रस उरलेला नाही. शिरपूरसारख्या तालुक्यातूनही तरुण मुले सुरत, नाशिक, पुण्याकडे जातात आणि म्हातारी माणसे मागे राहतात. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती, आणि महाराष्ट्रातील त्यांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त होते. वृद्धाश्रम आपल्याला आवडोत वा न आवडोत, ते राहणार आहेत. तेव्हा विचारायचा प्रश्न निराळा आहे. ज्या घरात आपण म्हातारे माणूस ठेवतो ते घर त्याला सांभाळण्याच्या लायकीचे आहे की नाही, हे ओळखावे कसे?

या प्रश्नाचे गांभीर्य खानदेशाने एकदा जवळून पाहिले आहे. जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून कोरोनाच्या उपचारासाठी दाखल झालेली ८२ वर्षांची एक वृद्धा बेपत्ता झाली. नातेवाईक शोध घेत राहिले. आठ दिवसांनी, १० जून रोजी, त्याच रुग्णालयाच्या शौचालयात तिचा मृतदेह सापडला, तोही दुर्गंधी सुटल्यामुळे. पुढे अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. घटना रुग्णालयातील आहे, वृद्धाश्रमातील नव्हे, हे खरे. शिवाय ते दिवस साथीचे होते, माणसे कमी होती आणि भीती मोठी होती, हेही मान्य. तरीपण एक गोष्ट मनातून जात नाही. पाळी बदलताना माणसे मोजणे, एक कमी भरले तर शौचालयाची दारे उघडून पाहणे, याला ना यंत्र लागते ना अनुदान. दर्जा, गुणवत्ता, मानके असे जे भारदस्त शब्द आपण वापरतो, त्यांची सुरुवात या मोजणीपासून होते असे मला वाटते. पाहुण्यांना दाखवतात ते प्रार्थनागृह, भिंतीवरील देणगीदारांची संगमरवरी यादी, दिवाळीला फराळ वाटतानाची छायाचित्रे, यांवरून काही कळत नाही. कळते ते न्हाणीवरून आणि रात्रीवरून.

न्हाणीचेच पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पासष्टीपुढील माणसांपैकी २८ ते ३५ टक्के माणसे दरवर्षी एकदा तरी पडतात. तरुण माणूस पडला तर कपडे झटकून उठतो. म्हाताऱ्याचे मांडीचे हाड खुब्याजवळ मोडते, तो अंथरूण धरतो, आणि पुष्कळदा तेथून उठतच नाही. पडण्याची ठिकाणे ठरलेली: ओली गुळगुळीत फरशी, उंबरा, अंधारा बोळ, आणि उकिडवे बसून उठावे लागणारा संडास. उपायही ठरलेले आहेत. खरखरीत फरशी, भिंतीला हाताशी पक्का दांडा, कमोड, खाटेपासून शौचालयापर्यंत रात्रभर जळणारा लहानसा दिवा, आणि बाहेरूनही उघडता येईल अशी कडी. ही कडी विशेष महत्त्वाची. आत पडलेल्या माणसाला हात वर करून ती काढता येत नाही, आणि दार आत उघडणारे असेल तर त्याच्याच अंगामुळे ते अडते. म्हणून दार बाहेरच्या बाजूस उघडावे. चाकाच्या खुर्चीसाठी जो उतार बांधतात तो एक फूट चढायला बारा फूट लांब असावा, असा नियम आहे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी असा उतार 'बांधला' म्हणून बांधतात आणि तो इतका उभा करतात की खुर्ची ढकलणाऱ्याचीच परीक्षा व्हावी.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत ती सापडत नाही, पण तापीकाठचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला ती सांगावी लागणार नाही. पारा चाळिशी ओलांडून बरेच दिवस वरच राहतो. वय झाले की तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो. त्यात रक्तदाबावरच्या काही गोळ्या लघवी वाढवून अंगातले पाणी घालवतात. 'पाणी हवे का?' असे विचारले तर म्हातारा 'नको' म्हणतो, आणि रात्री उठावे लागू नये म्हणून मुद्दामही कमी पितो. तेव्हा माठ भरून कोपऱ्यात ठेवला म्हणजे काम झाले, असे होत नाही. ठरावीक वेळी पेला हातात देणे आणि तो रिकामा झाला का हे पाहणे, हे खानदेशातील वृद्धाश्रमाचे मानकच मानले पाहिजे. पत्र्याच्या छपराखाली खाटा मांडलेल्या मी पाहिल्या आहेत. वीज गेल्यावर तेथे काय होत असेल, याचा विचार तो पत्रा निवडताना कोणी केलेला नसतो.

तिसरी गोष्ट कुलपाची. विसराळू झालेली माणसे रात्री बाहेर निघून जातात, म्हणून फाटकाला कुलूप लावतात. ती अडचण खरी आहे. पण कुलूप आणि आग एकत्र आली म्हणजे काय होते, ते ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडीने दाखवले. तेथील एका खाजगी मनोरुग्णगृहात साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे होरपळून मेली. त्यांना पळताच आले नाही. राष्ट्रीय इमारत संहितेने वृद्धगृहांना रुग्णालयांच्याच मोठ्या गटात घातले आहे, ते यासाठीच. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार ज्या इमारतींना आगीची यंत्रणा लागते, त्यांच्या मालकाने ती चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत द्यायचे असते. प्रमाणपत्र ठीक, पण रात्री किल्ली कोणाच्या कमरेला असते आणि तो माणूस कोठे झोपतो, हे त्यात लिहिलेले नसते. चादरीने खाटेला हात बांधण्याची सोयीस्कर पद्धतही याच जातीची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. पंचवीस माणसांमागे रात्री एकच मदतनीस असेल तर हे वळवणे कागदावरच राहणार. म्हणून खाटांची संख्या विचारण्याआधी रात्रपाळीची माणसे किती, हे विचारावे.

कायदा काय म्हणतो? २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाच्या कायद्यातील १९ वे कलम सांगते की, राज्य सरकार टप्प्याटप्प्याने, प्रत्येक जिल्ह्यात किमान एकापासून सुरुवात करून, निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांची सोय असलेले वृद्धाश्रम स्थापन करू शकेल. 'करू शकेल' हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. केंद्राने राज्यांसाठी केलेल्या नमुना नियमांत झोपण्याची जागा माणशी साडेसात चौरस मीटर, अपंगांना वापरता येतील अशी शौचालये, आजाऱ्यांसाठी खोली, जवळच्या सरकारी रुग्णालयाशी व पोलीस ठाण्याशी व्यवस्था, असे बरेच चांगले सांगितले आहे. पण ते सरकारी आश्रमांसाठी. संस्था न्यास म्हणून नोंदलेली असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो. हिशेबात न्हाणीची फरशी दिसत नाही. सर्व वृद्धगृहांची नोंदणी व किमान मानके यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, समितीकडे गेले, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळले. इंग्लंडमध्ये यासाठी स्वतंत्र आयोग आहे. तो तपासणी करून प्रत्येक गृहाला श्रेणी देतो आणि अहवाल कोणालाही वाचता येतो. तेथेही दुर्लक्षाची प्रकरणे घडतात, पण निदान चौकशीचे दार कोणते ते माहीत असते.

मला सर्वांत अवघड वाटते ती तक्रार. शिक्षक वाईट शिकवू लागला तर आपण विद्यार्थी ओरड करतो, कारण उद्या आपल्याला घरी जायचे असते. वृद्धाश्रमातल्या माणसाला जायला दुसरे घर नसते. ज्या हातून भाकरी घ्यायची त्याच हाताविरुद्ध तो बोलणार कसा? कोणी पाहुणा आला की सगळे 'बरं आहे, बरं आहे' म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा म्हातारीला तर साहेबाची मराठीही धड कळत नाही. एका ठिकाणी मी आणि माझा मित्र व्यवस्थापकांसह फिरलो तेव्हा कोणीच काही बोलले नाही. व्यवस्थापक दूरध्वनी घ्यायला गेले, मित्राने एका आजींना अहिराणीत 'माय, जेवन व्हयनं का?' एवढेच विचारले, तेव्हा त्यांनी हळूच सांगितले की संध्याकाळी पाचला जेवण होते आणि नंतर सकाळपर्यंत काही मिळत नाही. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे किती धोक्याचे आहे, ते डॉक्टरांना विचारावे. तपासणी करायची तर ती न कळवता, व्यवस्थापकाला बाजूला ठेवून, आणि त्यांच्या बोलीत व्हायला हवी.

तोवर नातेवाइकांनी आपली पाहणी आपणच करावी. आधी फोन न करता, शक्यतो दिवेलागणीनंतर जावे. प्रथम शौचालय वापरायला मागावे. खाटेवरून हात लांब केला तर घंटा लागते का, आणि वाजवली तर किती वेळात कोण येते, ते पाहावे. रात्रीच्या हजेरीची वही मागावी. ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारचा १४५६७ हा मदतीचा क्रमांक आहे, तोही टिपून ठेवावा. मात्र तो सकाळी आठ ते रात्री आठ चालतो.