रानातील सुरीची निवड

सन २००३ च्या एप्रिल महिन्यात ॲरन राल्स्टन नावाचा एक तरुण गिर्यारोहक अमेरिकेच्या युटा राज्यातील एका निर्जन, अरुंद घळीत एकटाच उतरत होता. उतरता उतरता एक प्रचंड शिळा निसटली आणि ती शिळा व घळीची भिंत यांच्यामध्ये त्याचा उजवा हात सापडला. तो दिवस २६ एप्रिलचा. पुढील पाच दिवस तो जागचा हलू शकला नाही. जवळ होते ते घडी होणारे, स्वस्तातले एक बहुउपयोगी अवजार. त्याच्या पात्याने त्याने प्रथम शिळा टोकरून पाहिली. शिळा जागची ढळली नाही. पाते मात्र बोथट झाले. अखेरीस हात तोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही, तेव्हा हाडापुढे त्या पात्याचे काही चालेना. शरीराचा भार टाकून त्याने हाताची दोन्ही हाडे मोडली, मग उरलेले मांस व स्नायू त्या बोथट अवजाराने कापले आणि १ मे रोजी तो मोकळा झाला.

असा प्रसंग लाखांतून एखाद्यावर येतो. सुरी हाड कापण्यासाठी घडवलेली नसते, हेही खरे. तथापि या कथेतील एक गोष्ट रानात जाणाऱ्या प्रत्येकास लागू आहे. संकटाच्या क्षणी माणसाच्या हाती येते ते निघताना त्याने पिशवीत टाकलेले अवजार. त्याची निवड घरीच, दिव्याच्या उजेडात, पुष्कळदा फारसा विचार न करता झालेली असते. वनरक्षक, भूगर्भशास्त्रज्ञ, मोजणी खात्याचा कर्मचारी आणि सह्याद्रीच्या वा हिमालयाच्या वाटा तुडवणारा प्रवासी यांना दोर कापणे, ओल्या लाकडाच्या आतले कोरडे जळण काढणे, खुंट्या तासणे, जखमीसाठी बांबूची झोळी बांधणे अशी कामे नित्य करावी लागतात. त्यासाठी सुरी कशी निवडावी, हा विचार म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

पहिला प्रश्न घडीच्या चाकूचा. घडीचा चाकू खिशात मावतो आणि फळे चिरणे, पेन्सिलीस टोक करणे अशा कामांना तो उत्तमच. परंतु त्याचे पाते एका लहानशा खिळीभोवती फिरते आणि कामाचा सगळा ताण त्या खिळीवर व तिच्या कळीवर येतो. पाते लाकडात अडकले व हात पिळला की ही जागा ढिली होते. कळ सुटली तर पाते मिटून थेट बोटांवर येते. स्थिर पात्याच्या सुरीत हा सांधाच नसतो. अंगमेहनतीच्या कामासाठी तीच निवडावी, असे जाणकार सांगतात ते याच कारणाने.

मात्र स्थिर पात्याच्या सुरीतही एक सांधा असतो. तो केवळ डोळ्यांस दिसत नाही. पाते जेथे मुठीत शिरते ती ही जागा. पात्याचेच पोलाद मुठीच्या पूर्ण लांबीपर्यंत व पूर्ण रुंदीचे गेले असेल आणि दोन्ही बाजूंस लाकडाच्या फळ्या रिबिटांनी ठोकलेल्या असतील, तर ती सुरी म्हणजे वस्तुतः पोलादाची एकच अखंड पट्टी होय. तिची मूठ तडकली तरी फडके गुंडाळून काम चालवता येते. याउलट पाते मुठीत जेमतेम दोन बोटे शिरलेले असेल, तर पहिल्याच जोराच्या घावास ते निखळण्याचा संभव असतो. स्वीडन, फिनलंड आदी उत्तरेकडील देशांत मुठीच्या मधोमध जाणारी निमुळती शेपटी ठेवण्याची जुनी रीत आहे. ती शेपटी पुरेशी लांब असली तर हलक्या कामास भक्कम ठरते; शिवाय लाकडी मुठीमुळे कडाक्याच्या थंडीत गार पोलाद हातास लागत नाही. म्हणजे शेपटी निमुळती असणे हा स्वतः दोष नव्हे. ती आखूड असणे हा दोष होय.

या अदृश्य जागेचा विसर पडला म्हणजे काय होते, याचे उदाहरण चित्रपटसृष्टीने पुरवले आहे. १९८२ साली ‘फर्स्ट ब्लड’ हा अमेरिकन चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्याच्या नायकाची सुरी जगभर गाजली. तिच्या पाठीवर करवतीचे दाते होते, मूठ पोकळ होती आणि मुठीच्या टोपणात होकायंत्र बसवले होते. चित्रपटातील सुरी कसबी कारागिराच्या हातची होती. परंतु तिच्या स्वस्त नकलांनी बाजार भरून गेले. मूठ पोकळ ठेवायची तर पात्याचे पोलाद तिच्यातून आरपार नेता येत नाही. चार काड्या आणि मासे धरण्याची दोरी ठेवण्यापुरती जागा मिळते आणि तिच्या मोबदल्यात सुरीचा कणाच काढून घेतला जातो. दुकानात जी वस्तू सर्वांत सज्ज दिसते ती रानात सर्वांत आधी मोडते, ती अशी.

यानंतर लांबी व जाडी यांचा विचार. नवशिक्याचा कल मोठ्या पात्याकडे असतो. परंतु रानातील बहुतेक काम बारीक असते. दहा ते तेरा सेंटिमीटर लांबीचे पाते त्यास पुरते. मनगटाएवढे लाकूड चिरायचे झाल्यास पाते लाकडाच्या डोक्यावर ठेवून त्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकता येते. त्यासाठी लाकडाच्या जाडीपेक्षा पाते चार बोटे लांब असले म्हणजे झाले. जाडी तीन ते पाच मिलिमीटर असावी. जाडी दुप्पट केली तर वजन दुपटीने वाढते, पण वाकण्यास होणारा विरोध आठपट होतो. म्हणून एका मिलिमीटरचा फरकही लहान समजू नये. तथापि जाड पाते लाकडात पाचरीसारखे शिरते आणि त्याने धड कांदाही चिरता येत नाही. मजबुती आणि कापण्याची सुलभता यांचे हे नाते व्यस्त आहे; एक वाढवावी तर दुसरी घटते.

ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रानाशी व्यवहार केला त्यांनी हा पेच कसा सोडवला, हे पाहण्यासारखे आहे. गुरखा पलटणींमुळे खुकरी साऱ्या भारताच्या परिचयाची आहे. तिचे पाते पुढे झुकलेले व पुढच्या अंगास जड असते. त्यामुळे घाव घालताना ती कुऱ्हाडीचे काम करते. परंतु एवढ्या जड हत्याराने काटा काढता येत नाही, हे तिच्या घडवणाऱ्यांस ठाऊक होते. म्हणून खुकरीच्या म्यानातच आणखी दोन लहान पाती खोवलेली असतात. एक ‘कर्द’ ही बारीक कामाची सुरी आणि दुसरी बोथट ‘चकमक’, धार घोटून सारखी करण्यासाठी व ठिणगी पाडण्यासाठी. कोकणातील शेतकरी कमरेच्या आकडीत कोयता अडकवून माडांच्या बागेत जातो आणि तोही नारळ सोलण्याचा भार कोयत्यावर न टाकता जमिनीत रोवलेल्या पहारीचा आश्रय घेतो. एकाच पात्याकडून सर्व कामांची अपेक्षा कोणत्याही अनुभवी समाजाने केलेली नाही. तोडकाम अधिक असेल तर कोयता वा लहान कुऱ्हाड वेगळी न्यावी. सुरी सुरीच राहू द्यावी.

आता पोलादाविषयी. शुद्ध लोखंड नरम असते. त्यात शेकडा अर्धा ते एक भाग कार्बन मिसळला म्हणजे धार धरणारे पोलाद होते. असे पोलाद चिवट असते व त्याला दगडावर सहज धार लागते. पण ओलीत ते गंजते. पावसाळी कोकणात वा समुद्रकाठी पुसल्यावाचून ठेवलेल्या पात्यावर एका रात्रीत तांबूस डाग उमटतात. शेकडा साडेदहा भागांहून अधिक क्रोमियम घातले असता पोलाद बहुतांशी गंजरोधक होते. खाऱ्या हवेत हिंडणाऱ्याने ते पत्करावे. चकमक झाडून विस्तव करायचा असेल तर मात्र कार्बनचे कठीण पोलादच गारगोटीवर चांगली ठिणगी देते.

परंतु पोलादाच्या जातीपेक्षाही त्याला पाणी कसे दिले आहे, हे महत्त्वाचे. लोहार पाते लालभडक तापवतो आणि एकदम थंड करतो. त्यामुळे ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. हा ठिसूळपणा घालवण्यासाठी ते पुन्हा बेताने तापवावे लागते. घासून लख्ख केलेल्या पोलादावर त्या वेळी प्रथम फिक्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा असे रंग क्रमाने चढतात. या रंगांवरून कारागीर उष्णतेचे मान ओळखतो. नेपाळातील लोहारांची रीत आणखी मार्मिक आहे. खुकरीचे पाते तापवून ते किटलीच्या तोटीतून केवळ धारेवर पाण्याची बारीक सर सोडतात. धार कठीण होते, पाठ नरम व चिवट राहते. मग घाव कितीही जोराचा असो, पाते सहसा तुटत नाही. यासाठी लागणारे पोलाद आज पुष्कळदा मालमोटारीच्या जुन्या पाट्यांतून येते. पाणी दिलेले डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नव्या सुरीची परीक्षा घराच्या परसातच करावी. सुकलेल्या बाभळीच्या फांदीवर तिने तासकाम करावे, नंतर धार उजेडात धरून पाहावी. धार दुमडली असेल तर पोलाद नरम. तिचे कण उडाले असतील तर ठिसूळ.

मूठ हातात घट्ट बसावी, पण तिच्यावर खोल खाचा नसाव्यात. तासाभराच्या कामाने त्या खाचांचे फोड होतात. हात ओला वा रक्ताने माखलेला असताना बोटे पुढे घसरू नयेत म्हणून मुठीच्या पुढील टोकास थोडा उंचवटा हवा. बोटांचे स्नायुबंध एकदा कापले गेले तर रानात त्यावर इलाज नाही. म्यानही सुरीइतकेच विचाराने घ्यावे. ते उलटे धरून हलवले असता सुरी गळून पडू नये. कातडी म्यान ओल धरते. म्हणून घरी परतल्यावर पाते पुसून, त्यास खोबरेल तेलाचा हात लावून म्यानाबाहेरच ठेवावे. आणि धार नित्य राखावी. बोथट सुरीला जोर अधिक लागतो आणि अधिक जोराने चाललेली सुरी निसटली म्हणजे हाताबाहेर जाते. बसून तासताना पाते दोन मांड्यांच्या मध्ये कधीही चालवू नये. तेथील मोठी धमनी कापली गेल्यास काही मिनिटांतच प्राणावर बेतते.

कायद्याचा विचारही आवश्यक आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील १९६२ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे वेगळ्या वर्गात घातली होती. घरगुती, शेतकी, वैज्ञानिक वा औद्योगिक कामाची अवजारे त्यातून वगळली होती. २०१६ साली या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. दहा-तेरा सेंटिमीटरची सुरी नऊ इंचांच्या पुष्कळच आत राहते. तथापि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शस्त्रांच्या व्याख्येत चाकूचाही समावेश केला आहे आणि लेखी परवानगीवाचून शस्त्रासह अभयारण्यात प्रवेश करण्यास मनाई केली आहे. अभयारण्यात जाणाऱ्याने वन खात्याकडे आधी विचारणा करणे, हाच सरळ मार्ग होय.

एवढी काळजी घेऊन निवडलेली सुरी वर्षानुवर्षे साथ देते. तरीही राल्स्टनच्या कथेतील एक तपशील येथे आठवावा. तो कोठे जात आहे, हे त्याने निघताना कोणालाही सांगितले नव्हते. त्यामुळे तो नेमका कोठे अडकला आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. घरातून निघताना सुरीची मूठ, पाते आणि म्यान तपासावे. आणि त्याबरोबरच कोठे जात आहोत व केव्हा परतणार, एवढे दोन ओळींत लिहून तो कागद घरच्या माणसांच्या हाती द्यावा.