रानभाजी महोत्सवातून काय घेऊन यावे?

मृगाच्या सरी पडल्या की डोंगरउतार, माळराने आणि शेतांचे बांध नाना प्रकारच्या भाज्यांनी भरून जातात. त्यांचे बी कोणी पेरलेले नसते की त्यांना कोणी खत घातलेले नसते. या भाज्यांची ओळख सर्वांना व्हावी म्हणून राज्याचा कृषी विभाग व 'आत्मा' यंत्रणा यांच्या वतीने जिल्ह्या-तालुक्यांच्या ठिकाणी रानभाजी महोत्सव भरविले जातात. ते बहुधा ९ ऑगस्टच्या सुमारास होतात. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ साली ठरविल्याप्रमाणे हा दिवस जागतिक आदिवासी दिन म्हणून पाळला जातो.

अशा महोत्सवात एका टोपलीत ताजी भाजी व शेजारच्या पातेल्यात तिचाच शिजविलेला पदार्थ मांडलेला असतो. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली अशी नावे वाचावयास मिळतात. येणारा पाहुणा चव घेतो, वाखाणणी करतो आणि पुढच्या मेजाकडे वळतो. परंतु शेतकरी बांधवांनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एवढ्यावर समाधान मानू नये. पातेल्यातील भाजीपेक्षा ती रांधणाऱ्या बाईच्या हातातील ज्ञान अधिक मोलाचे आहे. ते बहुतांशी वडीलधाऱ्या स्त्रियांच्या तोंडी असून फार थोडे कागदावर उतरलेले आहे.

रांधण्याचे शास्त्र

शेवळाचेच उदाहरण घ्या. ही सुरणाच्या कुळातील वनस्पती. जमिनीतून वर येणारा तिचा फुलोरा भाजीसाठी वापरतात. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. त्यामुळे नीट न रांधल्यास घशाला खाज सुटते. म्हणून जाणत्या स्त्रिया आतील पिवळा दाणेदार भाग काढून टाकतात आणि भाजीत काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालतात. बांबूच्या कोवळ्या कोंबांत शरीरात गेल्यावर सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. ते कोंब चिरून, भिजवून, उकळून ते पाणी टाकून द्यावे लागते. या कृती केवळ चवीसाठी नाहीत. त्यांवर खाणाऱ्याचे आरोग्य अवलंबून आहे.

ओळखीच्या बाबतीतही तसेच. कळलावीचे फूल देखणे असले तरी तिच्या सर्व भागांत कोल्चिसिन हे विष असते. तिचा कंद खाण्याच्या कंदासारखा भासून जीवावर बेतू शकते. म्हणून अनोळखी वनस्पती केवळ चित्र पाहून कधीही खाऊ नये. जाणत्या माणसाकडून ती प्रत्यक्ष ओळखून घ्यावी.

शेतकऱ्याच्या दृष्टीने

कुर्डू हे खरीप पिकांतील तण म्हणून आपण उपटून फेकतो. तेच कोवळे असताना खुडले तर निंदणी होते आणि घरात भाजीही येते. मात्र ज्या बांधावर तणनाशक फवारले असेल तेथील भाजी खाऊ नये, विकूही नये.

करटोलीची लागवड करता येते. तिचे नर व मादी वेल वेगवेगळे असतात. फळे केवळ मादी वेलास लागतात. परंतु परागसिंचनासाठी शेतात थोडे नर वेलही राखावे लागतात. बियांपासून येणारा वेल नर की मादी हे फुले येईपर्यंत कळत नाही. म्हणून माहीत असलेल्या वेलाचे कंद लावणे श्रेयस्कर.

रानातील तोडणीसही मर्यादा हवी. पाला खुडावा, मूळ उपटू नये. शेवळाचे सर्वच फुलोरे तोडले तर बी धरणार कशाला? काही जागच्या जागी राहू द्यावेत.

कार्यकर्त्यांनी काय करावे

महोत्सवास जाताना वही जवळ ठेवावी. प्रत्येक भाजीचे स्थानिक नाव, ती उगवण्याची जागा व काळ, खाण्याचा भाग, टाकून देण्याचा भाग आणि रांधण्याची कृती, एवढे सांगणाऱ्या बाईच्या शब्दांत व तिच्या संमतीने लिहून घ्यावे. गावी परतल्यावर ती माहिती ग्रामसभेत व शाळेत वाचून दाखवावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शेवळ जूनमध्येच येते आणि ऑगस्टपर्यंत तिचा हंगाम सरतो. टाकळाही तोवर निबर होऊ लागतो. म्हणून मोठ्या महोत्सवाची वाट न पाहता पहिल्या पावसानंतर गावातच लहानसा मेळावा भरवावा. बचत गटातील स्त्रियांनी रांधावे, शेतकऱ्यांनी आपापल्या बांधावरची भाजी आणावी आणि मुलांनी ती ओळखावयास शिकावे. रांधणाऱ्या भगिनींच्या श्रमाचा व भाजीचा योग्य मोबदला मात्र ठरवून द्यावा. ज्या विद्येला मोल मिळते, तीच पुढच्या पिढीच्या हाती जाते.