वीस मिनिटांत लक्षात कसं राहायचं? अमेरिकेतल्या सोरोरिटी रशची आतली गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा ज्यांचे इअरफोन पुन्हा हरवलेत, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलतानाचे "अं... म्हणजे..." काढून टाकलेत, बाकी सगळं तेच आहे.

ऑगस्ट आला की इन्स्टावर एका ठरावीक प्रकारचे रील्स यायला लागतात. अमेरिकेतली अठरा वर्षांची मुलगी आरशासमोर उभी राहून ड्रेस कुठला, कानातले कुठले, बूट कुठले ते सांगते आणि शेवटी म्हणते, "विश मी लक!" हे 'बामा रश'. २०२१ मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या मुलींचे असे व्हिडिओ टिकटॉकवर तुफान चालले. आपल्याकडे टिकटॉक २०२० पासूनच बंद, त्यामुळे ते आपल्यापर्यंत रील्समधून पोचले.

बघणाऱ्याला वाटतं, की सगळा खेळ कपड्यांचा आहे. तसा तो नाही. आणि ज्यांची आतेबहीण न्यू जर्सीत बारावीच्या वर्गात आहे, किंवा जे स्वतः बॅचलर्ससाठी तिकडे जाणार आहेत, त्यांनी हे नीट समजून घेतलेलं बरं. एमएसला जाणाऱ्यांनी नुसतं मजा म्हणून ऐका, कारण ही भरती बॅचलर्सच्या विद्यार्थिनींसाठीच असते.

आधी, सोरोरिटी म्हणजे काय?

लॅटिनमध्ये 'सोरोर' म्हणजे बहीण. सोरोरिटी ही कॉलेजातल्या मुलींची सभासदत्व असलेली संघटना. नावं ग्रीक अक्षरांची: काय ओमेगा, कप्पा कप्पा गामा वगैरे. एकाच सोरोरिटीच्या देशभर शाखा असतात, त्यांना चॅप्टर म्हणतात. मोठ्या कॅम्पसवर प्रत्येक चॅप्टरचं स्वतःचं घर असतं आणि काही मुली तिथेच राहतात. देणगी गोळा करणं, पार्ट्या, अभ्यासाचे गट, पुढे नोकरीच्या ओळखी, हे सगळं त्यातून चालतं.

हे प्रकरण जुनं आहे. काही सोरोरिटी १८६० आणि १८७० च्या दशकांत सुरू झाल्या. १९०२ मध्ये त्यांची शिखर संस्था आली, नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स. आज तिच्यात २६ सोरोरिटी आहेत. रील्समधली भरती ती हीच. तिला पूर्वी सर्रास 'रश' म्हणायचे, आता अधिकृत शब्द 'रिक्रूटमेंट' आहे.

आठवडाभर काय चालतं?

साधारण चार फेऱ्या. पहिल्या फेरीत तुम्ही सगळ्या घरांना भेट देता. मोठ्या कॅम्पसवर ती पंधरा-वीस असू शकतात. दुसरी फेरी बहुतेक समाजकार्याबद्दल, तिसरी आपसातल्या नात्याबद्दल, आणि शेवटची 'प्रेफरन्स', ज्यात फक्त दोन-तीन घरं उरतात. प्रत्येक फेरीनंतर घरं काही मुलींना वगळतात आणि मुलीही आपली यादी क्रमाने भरतात. मग येतो बिड डे. बिड म्हणजे सभासदत्वाचं आमंत्रण. अलाबामात मुलींना ते पाकीट ब्रायंट-डेनी या फुटबॉल स्टेडियममध्ये मिळतं आणि मग त्या आपापल्या नव्या घरांकडे पळत सुटतात.

आता घराच्या दारात उभं राहून बघा. दार उघडतं, आत पन्नासेक मुली एकमेकींना खेटून उभ्या, टाळ्या वाजवत गाणी म्हणतायत. पहिल्यांदा बघणारी दचकतेच. मग एक मुलगी तुम्हाला हाताला धरून आत नेते. सात-आठ मिनिटं ती बोलते, मग दुसरी येऊन तिची जागा घेते, मग तिसरी. वीस-तीस मिनिटांत तुम्ही बाहेर. तुम्ही गेल्यावर त्या मुली पटापट तुमच्याबद्दल नोंदी करतात आणि गुण देतात.

इथेच इम्प्रेशनचा खरा प्रश्न आहे. समोरची मुलगी दिवसभरात कितीतरी जणींशी बोलते. अलाबामात अलीकडच्या वर्षांत अडीच हजारांच्या आसपास मुली रशमध्ये उतरतात. तिला रात्री मत देताना तुमच्याबद्दल काय आठवणार? "गोड होती" हे तर ती सगळ्यांबद्दलच लिहिते.

लक्षात राहील असं बोला

"तू कुठली? मेजर काय?" हे प्रश्न प्रत्येक घरात येणार. "न्यू जर्सी, बायोलॉजी" असं उत्तर दिलंत तर संभाषण तिथेच मेलं. त्याऐवजी: "बायोलॉजी. शाळेत असताना दर शनिवारी अनाथ कुत्र्यांच्या निवाऱ्यात काम करायचे, एकाने माझा एक बूट खाल्ला, तेव्हापासून व्हेट व्हायचंय." आता समोरचीकडे विचारायला तीन गोष्टी आहेत आणि रात्री नोंद होणार "बूटवाली मुलगी". हेच हवंय. किस्सा खरा असू द्या, कारण पुढच्या फेरीत तोच धागा पकडून विचारतात.

नावाचंही तसंच. प्राजक्ता, ज्ञानदा, ऋचा ही नावं अमेरिकन तोंडात अडकतात. मुकाट्याने 'पीजे' व्हायची गरज नाही. एकदा सावकाश म्हणून दाखवा आणि प्राजक्त हे रात्री उमलून सकाळी खाली पडणारं फूल आहे एवढं सांगा. नाव आणि गोष्ट दोन्ही लक्षात राहतात. पीजे म्हटलेलं तुम्हाला आवडत असेल तर तसंही चालेल, ठरवणाऱ्या तुम्ही.

काय टाळायचं यासाठी तिकडे एक जुना नियम आहे आणि तो मराठीत लिहिला तरी बसतो: पाच 'ब'. बॉइज, बूझ, बॅलट, बायबल, बँक. म्हणजे मुलं, दारू, राजकारण, धर्म आणि पैसे. पहिल्या वीस मिनिटांत हे विषय काढायचे नाहीत. याशिवाय दुसऱ्या घराची निंदा नाही, आणि हातात फोन तर अजिबात नाही. तुमचं इन्स्टा मात्र आधीच बघितलं जातं, हे गृहीत धरा.

कपड्यांचं एकच सांगतो. प्रत्येक फेरीला काय घालायचं ते विद्यापीठाची पॅनहेलेनिक समिती कळवते, पहिल्या दिवशी बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना सारखाच टी-शर्ट असतो. ऑगस्टमधला अलाबामा म्हणजे आपल्या मे महिन्यातली मुंबई समजा. त्यात घराघरांत चालायचंय. पायाला चावणारे नवे बूट घालून कुणाचंच हसू चौथ्या घरापर्यंत टिकत नाही. पाणी, छोटा पंखा, बँडेज असलेली पिशवी सोबत ठेवा. ती बाहेर ठेवूनच आत जायचं असतं.

तुम्हीही परीक्षक आहात

हा भाग रील्समध्ये दिसत नाही. निवड दोन्ही बाजूंनी होते. मग तुम्ही काय विचारणार? "तुमच्या सोरोरिटीत खास काय?" असं विचारलंत तर पाठ केलेलं उत्तर येईल. "गेल्या सेमिस्टरमध्ये साध्या मंगळवारी संध्याकाळी तुम्ही काय करत होतात?" हे विचारून बघा. जिचं तिथे खरंच मन रमलंय ती लगेच सांगायला लागते. आणि त्या उत्तरात तुम्ही स्वतःला बघू शकता का, ते तपासा. चार वर्षांतले मंगळवार खूप असतात, बिड डे एकच.

पैशांचं संभाषण घरात टाळायचं, पण प्रश्न टाळायचा नाही. दक्षिणेतल्या मोठ्या कॅम्पसवर वर्गणी एका सेमिस्टरला काही हजार डॉलरवर जाऊ शकते. प्रत्येक गटाला एक रिक्रूटमेंट काउन्सेलर दिलेली असते. त्या आठवड्यात ती स्वतःच्या सोरोरिटीपासून लांब राहते, म्हणजे तिने पक्षपात करू नये. तिला थेट विचारा: पहिल्या वर्षाची फी किती, घरात राहणं सक्तीचं आहे का, दंड कशाकशाचे. आई-बाबांशी हे बोलणं रशच्या आधी झालेलं बरं.

यादी आणि गणित

आता माझ्या आवडीचा भाग. शेवटी मुलींच्या याद्या आणि घरांच्या याद्या जुळवल्या जातात. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा फॉर्म आठवा, पसंतीक्रम भरलात तसंच काहीसं. फरक एवढाच, की इथे घरांची यादी टक्क्यांवर बनत नाही, गप्पांवर आणि मतदानावर बनते.

या जुळवणीवर चक्क अर्थशास्त्रज्ञांनी काम केलंय. १९९१ मध्ये सुझन मॉन्जेल आणि अल्विन रॉथ यांनी 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त सोरोरिटी रशवर पेपर लिहिला. याच रॉथना २०१२ मध्ये लॉइड शेप्ली यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, विषय हाच, दोन बाजूंच्या जुळवणीचा. त्यांना दिसलं, की कितीतरी मुली शेवटच्या यादीत एकच नाव लिहायच्या. म्हणजे हेच घर, नाहीतर काही नको.

आज तसं करणं महागात पडू शकतं. बऱ्याच कॅम्पसवर नियम असा, की बोलावलेल्या सगळ्या कार्यक्रमांना जाऊन शेवटच्या यादीत सगळी उरलेली घरं लिहिलीत, तर कुठेतरी जागा मिळण्याची हमी असते. एकच नाव लिहिलंत की ती हमी गेली. आणि दुसरी बाजू: यादीवर सही केली म्हणजे तो करार झाला. लिहिलेल्या घराने बिड दिली आणि तुम्ही नाकारली, तर त्या कॅम्पसवर या २६ पैकी दुसऱ्या कुठल्याही सोरोरिटीत साधारण वर्षभर जाता येत नाही. म्हणून जिथे खरंच जायचं नाही, ते नाव सही करायच्या आधी काढा.

आता हे नीट ऐका. कुठल्या घराने कुठल्या फेरीत किती मुलींना परत बोलवायचं, त्याचे आकडे मागच्या वर्षांच्या डेटावरून ठरवून दिलेले असतात. समजा, एका घराने शंभर मुलींना बोलावलं की पंचाण्णव परत येतात, आणि दुसऱ्याने शंभरांना बोलावलं की पन्नास. पहिल्या घराला सुरुवातीलाच जास्त मुली वगळाव्या लागतात. नाहीतर ते शेकडो जणींना शेवटपर्यंत आशेवर ठेवेल आणि तोवर बाकीच्या घरांचे दरवाजे बंद झालेले असतील. त्यामुळे ज्या घरात तुमच्या गप्पा सगळ्यात रंगल्या, तेच घर दुसऱ्या सकाळी तुमच्या यादीत नसेल, असं अगदी होऊ शकतं. त्यांना तुम्ही आवडला होतात, पण त्यांच्याकडे जागांचा आकडा संपला होता.

"उद्या भेटूच!" यालाही वचन समजू नका. बिडचं आश्वासन देणं नियमातच बसत नाही.

इम्प्रेशन जिथे पुरत नाही

एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१३ मध्ये अलाबामातल्या विद्यार्थ्यांच्या 'द क्रिमझन व्हाइट' या वर्तमानपत्राने बातमी छापली, की उत्तम गुण असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला पारंपरिक गोऱ्या सोरोरिटींनी नाकारलं, आणि त्यात माजी सभासद बायकांचा दबाव होता. देशभर गदारोळ झाला, कॅम्पसवर मोर्चा निघाला, विद्यापीठाने भरती पुन्हा खुली करायला लावली आणि काही कृष्णवर्णीय मुलींना बिड मिळाल्या. त्या मुलीच्या गप्पांत काहीच कमी नव्हतं. दारच बंद होतं.

अशा बंद दारांमुळेच वेगळी घरं उभी राहिली. १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कप्पा अल्फा ही पहिली कृष्णवर्णीय सोरोरिटी सुरू झाली, कमला हॅरिस तिच्याच सभासद. पुढे दक्षिण आशियाई मुलींनीही आपल्या संघटना काढल्या. १९९८ या एकाच वर्षी ह्यूस्टनमध्ये डेल्टा फाय ओमेगा, ऑस्टिनमध्ये कप्पा फाय गामा आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात सिग्मा सिग्मा रो सुरू झाल्या. त्यांची भरती बरीच छोटी आणि वेगळ्या वेळापत्रकाची असते, म्हणून त्यांची चौकशी स्वतंत्रपणे करा.

आणि आत गेल्यावर 'परंपरा' म्हणून कुणी दारू पाजली, झोपू दिलं नाही, अपमान केला तर ते हेझिंग, म्हणजे आपल्याकडचं रॅगिंग. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय कायदा झाला, आता कॉलेजांना अशा घटनांची आकडेवारी जाहीर करावी लागते. आपल्या कॅम्पसचा अहवाल वाचा.

बिड आली नाही तर?

तर रडू येईल, येऊ द्या. मग दोन गोष्टी करा. एक, चौकशी करा की कुठल्या घरात जागा उरल्यात. बऱ्याच कॅम्पसवर वर्षभर साधेपणाने भरती चालू राहते, त्यात गाणी नाहीत, टाळ्या नाहीत, बसून कॉफी प्यायची असते. दोन, ते "बूटवाली मुलगी" प्रकरण कुठेही चालतं. डान्स टीममध्ये, लॅबमध्ये, मराठी मंडळाच्या गणपतीत, होस्टेलच्या जिन्यात. आठवडाभर शंभर अनोळखी मुलींशी बोलायचा सराव झालाय तुम्हाला, तो वाया जात नाही.

हा एपिसोड त्या न्यू जर्सीवाल्या आतेबहिणीला पाठवा. मराठी वाचता येत नसेल तर ऑडिओची लिंक द्या, ऐकून कळतं तिला, फक्त बोलायला लाजते. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट टाका. भेटू पुढच्या आठवड्यात!